मोकळी दिसलेली जागा

४ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवं गाव आणि खोली तर अशी मिळालीय की आईला फोनवर सांगताना माझा मलाच हेवा वाटत होता. खिडकीखाली रुंद टेबल, दारामागे कपड्यांना खुंट्या, आणि घरमालकीण काकूंनी सामान उतरायच्या आत हातात चहा ठेवला. सामान उतरवताना एका महाभागाने माझ्या लॅपटॉपवर भांड्यांचा खोका आदळला. स्क्रीनचा चक्काचूर. माझा रडवेला चेहरा बघून काकू म्हणाल्या, यांचा कॉम्प्युटर आहे की, तो वापर.

हे म्हणजे काका. रेडिओ दुरुस्त करायचे, मागच्या वर्षी गेले. आजारपणात त्यांनी काकूंसाठी आपल्या आवाजात ढीगभर गप्पा रेकॉर्ड केल्या. रोज दुपारी चहाच्या वेळी त्यातलं एकच, नवं रेकॉर्डिंग आपोआप वाजेल अशी सोय करून ठेवली. ही बाई एका बैठकीत सगळं ऐकून संपवेल म्हणून कुठे ठेवल्यात ते मात्र सांगितलं नाही! आज काका घसा खाकरत, काकूंनी एकदा पंख्याला लटकवलेल्या ओल्या टॉवेलवरून त्यांची खेचत होते. काकू चक्क उलट उत्तरं देत होत्या. मला हसू आवरेना.

कॉम्प्युटर वापरायला अट एकच, यांचं काही हलवायचं नाही. मी अगदी काकूंचा हात हातात घेऊन शब्द दिला.

६ फेब्रुवारी

कंपनीचं सगळं काम लिनक्सवर आणि काकांच्या कॉम्प्युटरवर विंडोज. त्यात काय एवढं? हार्ड डिस्कचे भाग पाडायचे, एकात जुनं राहू द्यायचं, दुसऱ्यात नवं बसवायचं. एका घरात दोन बिऱ्हाडं. फक्त काकांची जागा कापावी लागणार म्हणून जीव खालीवर होत होता.

पण पडद्यावर भागांची मांडणी उघडली तर शेवटी हा भला मोठा भाग! त्याला नाव नाही, सी-डी असं ड्राइव्हचं अक्षर नाही, विंडोजमधून तर तो दिसतही नव्हता. म्हटलं, आयतीच मोकळी जागा मिळाली. खरं तर आधी आत डोकवायचं असतं आणि बॅकअप घ्यायचा असतो. पण पेनड्राइव्ह एकच, त्यात लिनक्स भरलेलं, आणि दुसरा आणायला उन्हात कोण जाणार? तो भाग पुसला आणि तिथे लिनक्स बसवलं. विंडोजला धक्काही लागला नाही. शब्द पाळला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

७ फेब्रुवारी

दुपारी विंडोज चालू करून दिलं. काकू कप घेऊन बसल्या. काहीच वाजलं नाही. पडद्यावर आलं, फाइल सापडली नाही.

काकू आत गेल्यावर काकांनी केलेली सोय उघडून बघितली. रोजचं रेकॉर्डिंग त्या बिननावाच्या भागातून उचललं जायचं. काकूंच्या हाती लागू नये म्हणून काकांनी तो लपवला होता. न ऐकलेलं सगळं तिथेच होतं.

पुसलेलं परत आणायची सगळी साधनं चालवून बघितली. काही उरलं नाही. त्यावरच लिनक्स बसलंय. काकूंना सांगितलं की जुनं मशीन आहे, कधीकधी रुसतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हो म्हणाल्या. माणूस एकदा गेलाच होता, मी त्याला पुन्हा घालवलं.

१० फेब्रुवारी

काकू रोज कप घेऊन बसतात, चहा निवेपर्यंत बसतात. आज सांगायचंच असं ठरवून मीही समोर बसले. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा माझा कप रिकामा होता आणि काकू डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, आज किती छान बोलले हे.

कॉम्प्युटर बंद होता. मी हात लावून बघितला, गार.

११ फेब्रुवारी

आज चहाच्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. मग दार लावून ऐकलं.

आवाज माझाच. पण बोलणं — घसा खाकरून, अगं तुला सांगतो, स्वयंपाकघरातला नळ आवळू नकोस, वॉशर बदल — मला या घरातला नळ कधी दुरुस्त करावा लागला नाही. मला वॉशर कसा बदलतात तेही माहीत नाही. माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

ऑफिसचा पासवर्ड मात्र आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

पासवर्डच नाही. शाळा कुठली होती? भावाला घरात काय म्हणून हाक मारतो आपण? काका जेवढं बोलतात तेवढं माझं जातं. जागा तेवढीच, त्यांना कुठेतरी राहायचंय, आणि मी त्यांची जागा —

पळून जावं. बॅग भरली. मग काकूंचा कप दिसला. बॅग परत रिकामी केली. घेतलेलं फेडतेय, एवढंच.

१५ फेब्रुवारी

काकूंना सगळं सांगितलं. पाय धरले. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, त्याच दिवशी तुझ्या तोंडावरून कळलं. रागावल्या नाहीत. केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, यांनी खूप बोलून ठेवलंय गं, पुष्कळ पुरेल.

मग म्हणाल्या, चहा निवतोय.

१६

आईचा फोन काकूंनीच घेतला. ती खुशाल आहे, कामात आहे म्हणाल्या. मी मागेच उभी होते. ओरडायचं होतं. आईचा आवाज — कसा आहे तो — बारीक? आज ऐकू आला असता तर राहिला असता.

तिचा चेहरा आहे अजून. तो देणार नाही. बाकी सगळं घ्या काका, तो —

दुपार

एक बाई आल्यात. फोनवर काहीतरी खटकलं म्हणून तशाच निघाल्या म्हणे. माझा डावा हात धरून बसल्यात, रडतायत, चल म्हणतायत. हात उबदार आहे. सोडू नये असं वाटतंय, का ते कळत नाही.

काकूंनी तीन कप मांडले. खुर्ची पुढे ओढली.

घसा — मी खाकरते आहे — बाई, ऐका, कोण आहात ते मला — जाऊ नका — आता मी जे बोलेन त्यातलं काहीही माझं