डबल स्टँड

मंगळवार, संध्याकाळ

आजही स्कूटर डबल स्टँडला लागली नाही. तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा गाडी माझ्याच अंगावर आली. आयसीयूतून घरी येऊन नऊ महिने झाले. पाळी अजून गायब, केस मूठमूठ गळतायत, मांड्यांत जोर म्हणून नाही. डॉक्टर म्हणतात, एवढ्या मोठ्या आजारपणानंतर हार्मोन्सची घडी बसायला वेळ लागतो. किती वेळ? तर म्हणे, बघू.

आणि वर सोसायटीचे सेक्रेटरी काका! "अहो, तब्येत तर ठणठणीत दिसतेय! बारीकही झालात." एवढं बोलून पार्किंगमधल्या पाटीकडे बोट. 'गाडी डबल स्टँडलाच लावावी. साइड स्टँड फक्त हातापायांत जीव नसलेल्यांसाठी आहे.'

ती पाटी माझीच. कमिटीत असताना मीच लिहिली होती. तेव्हा सगळी सोसायटी हसली होती, आणि सगळ्यात जास्त मी.

मग काय, लावली साइड स्टँडला. म्हटलं, "काका, दुसरं वाक्य वाचा. नियमानेच लावलीय."

काका खो खो हसले. विनोद वाटला त्यांना.