बापांची बैठक

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बैठक पार फसली. कसाऱ्याजवळच्या पाड्यावर, अंगणवाडीत, अकरा बाप येऊन भिंतीला टेकून बसले. 'मुलांवरचं प्रेम तुम्ही कसं दाखवता?' — ज्या संस्थेसाठी मी हा गट चालवतो, तिच्या पुस्तिकेतला प्रश्न मी वाचला. शेवटी त्यांच्यातला मंगळ्या म्हणाला, "सर, नाश्ता हाय का?" रुळांच्या कामावरून सरळ आला होता, उपाशी. बिचारा.

डिसेंबरपर्यंत गट बोलता झाला नाही तर संस्था तो बंद करणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बायकोला सगळं सांगितलं. सरिता म्हणाली, "तुम्ही तरी घरात कुठे बोलता?" राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज पुस्तिका डिकीतच ठेवली. का ते सांगता येणार नाही — आत शिरताना तसं वाटलं, एवढंच. ओढ्यावरून घमेलंभर माती आणली. म्हटलं, पोरांसाठी खेळणी करा.

हात मातीत गेले आणि तोंडं सुटली. कोंडू बैल करत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरगा माझ्याकडं येतच नाय, सर. वरीसभर कामाला बाहेर होतो ना. वळखतच नाय मला." आता मंगळ्या चेष्टा करणार, असं वाटलं. त्यानं गुपचूप पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मग कोंडूच म्हणाला, "तुमचं काय, सर?"

तयार उत्तर होतं. ते गिळलं. खरं सांगितलं — समीक्षा, माझी लेक, सोळा वर्षांची. सप्टेंबरात शहापूरच्या एसटी स्टँडवर, मैत्रिणींसमोर, मी तिच्या थोबाडीत मारली. कारण काय, तर अर्धा तास उशीर! तेव्हापासून ती कामापुरतं बोलते.

कोंडू म्हणाला, "हे पोरीला सांगितलंत, का आमालाच सांगताय?"

सोमवार, १७ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आजही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हटलं, "मी चुकलो. मारायलाच नको होतं." "हं," म्हणाली. बस, एवढंच. पण उठून गेली नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

गटाला तो 'हं' सांगितला. सगळे इतके खूश, जणू मी दहावी पास झालो! "हं म्हणजे लय झालं, सर," मंगळ्या म्हणाला. कोंडूनं पोराला आणलं होतं. मांडीवर नाही बसला, शेजारी बसला. कोंडू तासभर जागचा हलला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

समीक्षानं आपणहून विचारलं, "पप्पा, तुम्हाला कोण मारायचं?"

आप्पा, माझे वडील. पट्ट्यानं. तिला सगळं सांगितलं. आजवर मी ते या वहीतही लिहिलं नव्हतं.