कपाटावरचा डोळा

३ मार्च, संध्याकाळ
वाचणाऱ्या बाई, चष्मा तुझ्या डोक्यावर आहे. शोधू नकोस. खालच्या मजल्यावरची ही शिकवणीवाली चाळीस पोरांचे पाढे पाठ करून घेते आणि स्वतःची छत्री आठवड्यातून तीनदा माझ्याकडे विसरते. पण मला अक्षर येत नाही, तेव्हा मी सांगायचं, तिने लिहायचं आणि मी म्हणेन तेव्हा मलाच वाचून दाखवायचं. दुसऱ्या कुणाचं काम नाही.

आज तिने टॅबवर सिनेमा दाखवला. एक नावाजलेली नटी, आणि तिच्यापायी वेडा झालेला एक मेला. तिच्या घरातल्या कॅमेऱ्यांत शिरून दिवसभर तिला बघतो. काय खाते, कुठे खाजवते. वर कॅमेऱ्याचा दिवा विझवतो, म्हणजे तिला वाटावं बंद आहे. शी! मध्येच टॅबची बॅटरी संपली. कपाटामागे वायर खुपसून पुढचं बघितलं. पुन्हा शी. शिकवणीवाली विचारते, आजी, शी किती वेळा लिहू? म्हटलं, मी म्हणेन तितक्यांदा.

४ मार्च, दुपारी चार
आमच्याही कपाटावर कॅमेरा आहे. थोरल्याची बदली झाली तेव्हा बसवून गेला. म्हणाला, आई, पडलीस-बिडलीस तर मला मोबाइलवर दिसेल. त्याचा हिरवा दिवा रोज दिसायचा. आज नाही. समजले! दिवा विझवून बघतोय. पोटचा पोरगा! दोन घास कमी गेले.
निश्चय: उद्यापासून कॅमेऱ्यावर टॉवेल.

५ मार्च
टॉवेल टाकला नाही. ओला होता.

७ मार्च
कोरडा टॉवेल पाहुण्यांचा आहे. शिवाय काळजी करत बसेल बिचारा. खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढून घेतली, ती उजेडासाठी. जांभळा स्वेटर घातला, तो थंडीसाठी. शिकवणीवाली पंखा लावून बसली होती. तिला उष्णतेचा त्रास असावा.

९ मार्च, रविवार
थोरल्याचा फोन. दर रविवारी येतो, दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ बोलतो. मुद्दाम विचारलं, कशी दिसते रे मी? म्हणाला, छान दिसतेस आई, तब्येत सुधारलीय. सापडला चोर! नुसत्या आवाजावरून तब्येत दिसते होय? मागून सूनबाई विचारत होती, कुणाचा फोन? जशी काही मला सकाळपासून बघतच नाही. नाटकी! शी, शी.
निश्चय: दोघांकडे ढुंकून बघायचं नाही.

११ मार्च
कॅमेऱ्यासमोर गोळी तोंडाशी नेली आणि परत डबीत टाकली. तीनदा. आता करतील फोन, ओरडतील. नाही केला. मीटिंग असेल.
चौथ्यांदा गिळली. ब्लडप्रेशर माझं आहे, त्यांचं नाही.

१३ मार्च, सव्वाचार
लिही. मी ठणठणीत आहे.

जेवण आटोपून मी कपाटासमोर आडवी झाले. मुद्दाम. एक हात पसरून, सिनेमातल्या नटीसारखी. म्हटलं, पाच मिनिटांत फोन घणघणतो की नाही बघ. फरशी गार. एक मुंगी आली, तोंडासमोर थांबली, वळसा घालून गेली. तेवढी चौकशी झाली. मग बरगडी दुखायला लागली. मग उठता येईना, पण ते मुद्दाम नव्हतं.

चारला तू आलीस आणि किंचाळलीस. मला बसवलंस, थोरल्याला लावायला मोबाइल काढलास, तर त्याची बॅटरी मेलेली. चार्जर घेऊन कपाटामागे वाकलीस आणि तशीच राहिलीस. कॅमेऱ्याची वायर लोंबत होती. तीन तारखेला टॅबसाठी तूच काढलेली, परत लावायची विसरलेली.

दहा दिवस त्याच्या मोबाइलवर नुसता अंधार. आणि त्याला पत्ता नाही.

रडतेस कशाला? तू विसरलीस खरी, पण चारला येतेस. इथे शी लिहिलंस का? मी म्हटलं नव्हतं. खोड.

वायर राहू दे. तिथे तुझा टॅब लाव. आणि थोरल्याला मेसेज कर: कॅमेरा झकास चालतोय, काळजी नसावी. पुढे लिही: द्राक्षं पाठव. मागच्या खेपेची अर्धी नासकी होती. दुकानात बंद पेटी उचलू नकोस. उघड, एकेक घड हातात घे, उजेडात धर, नीट बघ, मग पाठव.