दुसऱ्यांदा हळू

१९ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद पुढ्यात घेतो आणि उठून कुठेतरी भटकायला निघतो. मी मजेत आहे. खोलीला खिडकी नाही, दार आहे, तेही मनात आलं तर लागतं.

काम औषधाच्या कारखान्यात मिळालंय. मुलांसाठीचं कडू औषध पाण्याच्या थेंबांत, ते थेंब तेलाच्या थेंबांत, आणि ते तेल पुन्हा पाण्यात. थेंबाच्या पोटात थेंब! दिसतं दुधासारखं, कडू अजिबात लागत नाही. पहिल्यांदा औषध तेलात घुसळायचं ते जीव खाऊन. दुसऱ्यांदा, ते तेल पाण्यात सोडताना, अगदी हळू. नाहीतर तेलाचं कवच फाटतं आणि आतलं कडू बाहेर येतं.

मी दुसऱ्यांदाही यंत्र पूर्ण वेगात सोडलं. पाचशे लिटर! दिसायला दूधच. मुकादमांनी बोट बुडवून चाखलं, थुंकले आणि स्टीलची पळी माझ्या कानावर हाणली.

"गाढवा, थांबायचं कधी ते तुझ्या हाताला कळत नाही का?"

रक्त कॉलरपर्यंत आलं. मी पळी हिसकावली, उगारली, आणि फेकून दिली. का, ते सांगतो.

तू सगळ्यांना सांगितलंस, धाकट्याने मला सोडवायला दाजींना मारलं. ताई, तेव्हा तू सुटली होतीस. मोरीत तोंडावरचं रक्त धूत होतीस. दाजी पाठमोरे बसून बूट काढत होते. मी मागून डोक्यात इस्त्री घातली. ते पडले. पडल्यावर आणखी दोनदा घातली. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. हेच लिहायचं राहिलं होतं.

तू लिहितेस, दाजी दवाखान्यातून आले, आता शांत असतात. मग तुझं अक्षर डाव्या हाताचं का? उजव्याचं काय केलं त्यांनी? मी तिकडे

थांब, कारखान्याच्या फाटकावरचा माणूस हाक मारतोय.

ताई, दाजी आलेत. पत्ता कुठून काढला कोण जाणे. डोक्यावर टाक्यांची रेघ आहे, आणि हसतायत. पिशवीतून इस्त्रीचं टोक दिसतंय. तीच.

मालाची गाडी आत्ता तुमच्या रस्त्याने निघतेय. हे पत्र ड्रायव्हरकाकांच्या हातात देतो. वाचलंस की त्यांच्याच गाडीत बस आणि आत्याकडे उतर. कपडे गोळा करत बसू नकोस. दाजींना मी चहा पाजतो, कारखाना दाखवतो, तू आत्याकडे पोचेपर्यंत बोलतं ठेवतो. त्यांनी हात उचलला तरी मी उचलणार नाही. अगदी हळू घेतो, ताई.

तुझा,
या खेपेला हात आवरणारा
धाकटा