पोएरावाच्या होडीत

६ मे

वल्हं उलटं धरलं! सगळ्यांदेखत. त्याच्या पात्याला जरासा बाक असतो, तो पुढे हवा की मागे — सगळा जन्म या बेटावर गेला आणि मला माहीत नाही. पहिल्या जागेवर तितौआ मासळीवाली बसते. ती म्हणाली, "काकू, त्यानं पीठ कालवायचं नाही." मग सगळ्या फिदीफिदी. मी शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते हे अख्ख्या उतुरोआ गावाला ठाऊक आहे.

पोएरावा हसली नाही. ती सगळ्यांत मागे, सहाव्या जागेवर. सुकाणू तिच्याकडे. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "होडीत नावं नसतात. तुम्ही चार नंबर."

तुम्ही! मी जन्म दिलाय तिला. मास्तरणीला म्हणावं तसं — तुम्ही.

७ मे

बूड सोलवटून निघालंय. तेल लावून पालथी पडून लिहिते आहे. पुनुआ म्हणतो, "या वयात कसलं खूळ घेतलंस?" नवराच तो, कारण माहीत आहे त्याला, तरी विचारतो.

कारण लिहूनच ठेवते. सोडून द्यावंसं वाटलं की वाचता येईल. मानुआरीच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझा धाकटा, मिसरूड कालपरवा फुटली त्याला, आणि तिकडे मोठ्या बेटावर, पपीते शहरात, दवाखान्याशेजारी खोली घेऊन राहतो, दिवसाआड यंत्राला जोडून पडतो. मी दिली असती. मला साखर आहे, पुनुआलाही आहे. थोरल्या दोघांचं जुळत नाही. राहिली पोएरावा.

तिला आम्ही शेजारच्या ताहा बेटावर तेइपोकडे दिली, अंगावर पीत होती तेव्हा. तेइपो पुनुआची बहीण, तिला मूल नाही, आणि आमच्या पदरात आधीच दोन, पुनुआला काम नाही. इकडे सगळेच देतात, त्यात पाप कसलं? पण पुढच्याच वर्षी मानुआरी झाला आणि त्याला मी ठेवून घेतला. ते तिच्या डोक्यात बसलंय.

इतकी वर्षं वाढदिवसाला केक पाठवण्यापलीकडे काही केलं नाही. आता एकदम जाऊन काय म्हणू, किडनी दे? आधी जवळ जायला हवं. पोरगी कामावरून सुटली की पाण्यात असते. मग पाण्यातूनच जायचं.

१५ मे

होडी उलटली. माझ्यामुळे. उलांडी, म्हणजे होडीला बाजूनं बांधलेलं तरंगतं लाकूड, डावीकडे असते, अंग तिकडे टाकायचं. मी उजवीकडे झुकले आणि सहाही जणी पाण्यात. तितौआ वर येऊन म्हणाली, "शार्कसुद्धा घाबरून पळाला असेल." मी म्हटलं, "तुझ्या अंगाच्या वासानं पळाला." बायका हसल्या. पहिल्यांदाच माझ्या बाजूनं.

मागून पोएरावा: "चार, जीभ चालते तसं वल्हंपण चालवा."

होडीत मागे वळून बघायचं नाही असा नियम आहे. म्हणजे ती तास तास माझी पाठ बघते आणि माझ्या वाट्याला नुसता तिचा आवाज. आवाज माझ्या आईसारखा आहे. हे तिला कुणी सांगितलं नसेल.

२ जून

मानुआरीचा फोन. "आई, मागू नकोस हं तिच्याकडे एवढ्यात. नुसती जा, वल्हव, घरी ये." म्हटलं, तुझ्याजवळ एवढा वेळ आहे का रे? तर म्हणे, "आहे. माझं ऐक."

भित्रा. बापावर गेलाय.

९ जून

प्रार्थनेनंतर होडीच्या क्लबाचं जेवण. तेइपो ताहाहून आली होती, नारळाच्या दुधातली कच्ची मासळी आणि भाजलेला नीरफणस घेऊन. म्हातारी झालीय. पोएरावानं तिच्या पायातल्या चपला काढल्या, पाय धुतले. आणि मग माझ्यासमोर — "आई, चार नंबरलाही वाढ."

तेइपो बिचारी खाली बघायला लागली. मी ताट पुढे केलं. दोनदा मागून घेतलं! रडत बसले असते तर तिला हवंच होतं ते.

२० जून



लांबच्या शर्यतीत माणसं बदलतात. दमलेलीनं चालत्या होडीतून पाण्यात उडी टाकायची, ताजीनं दुसऱ्या बाजूनं चढायचं, आणि मागून येणाऱ्या मोटरबोटीनं दमलेलीला उचलायचं. आज त्याचा सराव. पोएरावा मोटरबोटीत होती, तितौआचा नवरा चालवत होता. आम्ही तिघींनी उड्या टाकल्या. दोघींना घेतलं. बोट माझ्याजवळ आली, हळू झाली, आणि पोएरावाचा आवाज मी स्पष्ट ऐकला, "चार नंबर राहू दे."

गेले निघून. मी पाण्यात, हातात वल्हं. बाहेरच्या समुद्राकडे जाणाऱ्या खडकांमधल्या खिंडीकडे पाण्याची ओढ होती, खडकांवर लाटा फुटताना ऐकू येत होत्या. आधी शिव्या दिल्या. मग हाका मारल्या. मग नुसती तरंगत राहिले, कारण हाका मारल्या की तोंडात पाणी जातं. बोट लांब गोल फिरली, थांबली, त्यांनी पाणीबिणी प्यायलं. मला दिसत होतं.

परत आल्यावर तिनंच हात दिला. वर ओढताना विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली."

"परत येऊ असं वाटलं?"

"वाटलं."

"का?"

मी वल्हं बोटीत टाकलं. तिनं माझ्याकडे टॉवेल फेकला आणि पुढे जाऊन बसली. तितौआ नंतर सांगत होती की नवीन आलेल्या प्रत्येकीला असं सोडतात, गंमत असते. "तुला जरा जास्त सोडलं." जरा!

कार्टी. दगडाची कार्टी. किडनी कसली, हिला काळीजच नाही.

२१ जून

गेले नाही. सांगून टाकलं पुनुआला, संपलं. मग मेमधलं सहा तारखेचं पान — नाही, सातचं — वाचलं.

२२ जून

गेले.

८ जुलै

नवी एक आलीय, प्राथमिक शाळेतली मास्तरीण, पाच नंबरला. वल्हं पाण्यावर नुसतं थापटते. मी म्हटलं, "बाई, समुद्राला झोपवताय का?" सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. तिचे डोळे भरून आले. बरं वाटलं! खरंच सांगते, बरं वाटलं. आता मी यांच्यातली झाले.

२६ जुलै

मारामू सुटलाय, दक्षिणेचा वारा थांबायचं नाव घेत नाही. तरी बाहेर काढली होडी. परतल्यावर पोएरावा मागे कुणाला तरी म्हणाली, "चार बरी ओढते."

एवढंच. मी घरापर्यंत चालत आले, बस सोडून दिली.

तिनं कधी माझ्याकडून काही मागितलं नाही, आत्ता लक्षात आलं. पेन्सिलसुद्धा नाही.

१० ऑगस्ट

सप्टेंबरच्या शर्यतीची नावं लागली. नवशिक्या बायकांच्या होडीत चार नंबर मी! मास्तरीण राखीव. पुनुआनं मोठा मासा आणला, आम्ही दोघांनीच खाल्ला. म्हणाला, "तिच्याशी बोललीस का?" म्हटलं, जेवू दे की मला.

१७ ऑगस्ट

आज काय झालं ते सांगता येत नाही. पाणी तेलासारखं होतं. सहाही वल्ही एकदम पडत होती, आवाज एकच येत होता. अंग दुखायचं थांबलं. मागून पोएरावाला काही ओरडावं लागलं नाही. मग किनारा आला आणि ती हसली. मी वळून पाहिलं, नियम मोडून. माझ्याकडे बघूनच हसत होती. पुढचे दात माझ्यासारखे, एकावर एक चढलेले.

आज दिवसभर मानुआरीची आठवण आली नाही. आईला शोभत नाही, पण नाही आली. सोमवारी विचारायचं ठरवलं होतं. नाही विचारणार. शर्यत होऊ दे. नुसतं तिच्या पुढे बसून वल्हवायचं आहे मला, दुसरं काही नको.

१९ ऑगस्ट

पहाटे पपीतेहून फोन. मानुआरीला ताप, हातातल्या नळीच्या जागी पू झालाय, दवाखान्यात ठेवून घेतलं. त्याच्याशी बोलणं झालं नाही. नर्स म्हणाली, असं होतं कधी कधी, घाबरू नका. घाबरू नका!

संध्याकाळी होडी धुताना विचारलं पोएरावाला. काय काय बोलले देव जाणे. तुझा भाऊ आहे म्हटलं, मी पाया पडते म्हटलं. ती गोड्या पाण्याच्या बादल्या ओतत राहिली. उलांडी धुतली, दोऱ्यांच्या गाठी तपासल्या.

मग म्हणाली, "आज मागितलंत होय. बरं. उद्या या."

२० ऑगस्ट

तिच्या तपासण्या एप्रिलमध्येच झाल्यात. मी क्लबात पाय ठेवायच्या आधी. मानुआरीनं स्वतःच विचारलं होतं तिला, आणि ती लगेच हो म्हणाली होती. जुळतंय. ऑपरेशन नऊ सप्टेंबरला, शर्यतीत सुकाणू तितौआ धरणार आहे. होडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला सांगायचं नाही, एवढीच तिची अट होती.

"त्याला मिळणारच होती," म्हणाली. "तुम्ही न मागता किती दिवस येता, तेवढं बघत होते. शनिवारी मला वाटलं होतं, शर्यतीपर्यंत न मागता याल."

लेक वाचला माझा. पुनुआ आत आनंदानं रडतोय.

वल्हं क्लबाचं होतं. तिनं हात पुढे केला, मी दिलं.