इंग्रजीची तोंडी परीक्षा

आबा, मी इंग्रजीच्या परीक्षेत पास झाले. विलायतेला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला सरकारी वजिफ्याचे पैसे मिळणार की नाही, ते या एका परीक्षेवर होतं. कागद आज दुपारी आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, हे ठाऊक असून लिहायला बसले आहे. बाहेर ओट्यावर काका येईल त्याला ऐकवतायत, "समुद्रापल्याड जाऊन कोणाच्या भाकरी थापणार हाय ही?" मी आतूनच म्हटलं, "तिकडं ज्वारी पिकत न्हाई, काका. भाकरीची फिकीर करू नका."

चुडाव्याचं स्टेशन डोळ्यांपुढं येतं. तुम्ही काटेवाले. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते मास्तर सांगायचे आणि तुम्ही काटा ओढून रूळ बदलायचात. मास्तर ओरडतात, "दो नंबर पे लो!" तुम्ही आहात तिथंच थांबता, "दो नंबर पे लेता हूँ, साब," असं पुरतं परत म्हणता, आणि मगच धावता. घरातही तोच कायदा. मावशीकडून विरजण आण म्हटलं, की आधी "मावशीकडून विरजण आणते" म्हणायचं. एकदा मी न म्हणताच पळाले आणि ताकाचा तांब्या घेऊन आले. तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, "आज नुसतं ताक आलं, पोरी. तिकडं मी आसं केलं तर दोन गाड्या एका रुळावर येतील." मी सात वर्षांची होते. पुढं कितीतरी दिवस त्या दोन गाड्या मला समोरासमोर येताना दिसत राहिल्या.

हैदराबादेत परीक्षेच्या खोलीत मेजापलीकडे एक मडमबाई होत्या आणि शेरवानीतले एक वयस्क साहेब. बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या गावात पाणी कुठून आणतात? मी तो प्रश्न जसाच्या तसा परत म्हटला, मग उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही तसंच केलं. तिसऱ्याला साहेब हसले. "बीबी, इतनी अंग्रेजी तो तोते को भी आती है." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मला कळत नाही म्हणून मी वेळ काढते आहे, असं त्यांना वाटलं. म्हणाल्या, "प्रश्न परत म्हणू नका, नाहीतर मला नापास लिहावं लागेल."

तरी मी म्हणाले, "परत म्हटलं तर आपण नापास लिहाल, असं आपण म्हणालात. मी ऐकलं." साहेबांचं हसू थांबलं. मग मी इंग्रजीतच सांगितलं, की माझे वडील रेल्वेत होते, तिथं आधी हुकूम परत म्हणतात, मग हात हलवतात. एक शब्द चुकीचा ऐकला तर माणसं मरतात. मी मुलांना शिकवणार आहे, त्यांचंही आधी पुरतं ऐकून घेईन. एवढं सलग इंग्रजी मी जन्मात बोलले नव्हते. पुढचे चारही प्रश्न मी परत म्हटले, मुद्दाम, मोठ्यानं. बाईंनी एकदाही टोकलं नाही.

म्हणून मी जाणार, आबा. काका काय म्हणतात, गाव काय म्हणतं, ते मी सगळं ऐकून घेणार आणि जाणार. विलायतेतही असंच आधी परत म्हणून मग बोलणार. हे पत्र मात्र कुठल्या टपालात पडायचं नाही. घडी घालून पेटीत ठेवेन.

एक सांगायचं राहिलं. उठता उठता साहेबांनी विचारलं, "वडील रेल्वेत काय होते?" मी तोही प्रश्न परत म्हटला. मग मी म्हणाले, स्टेशनमास्तर.

काटेवाल्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला येत होतं.