वन्सं, तुमच्या भावाचा कॉम्प्युटर बसला

के. आर. पुरम, बेंगळुरू

ती. वन्संना नयनाचा साष्टांग नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? निपाणीतला पाऊस थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

कंपनीने तुमच्या बंधुराजांना घरी बसवल्यापासून त्यांनी कॉम्प्युटरला कामाला लावलं आहे. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं, याला म्हणे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. (नोकरीचे अर्ज मात्र अजून कारखान्याच्याच वेगाने जातात.) त्यासाठी एक सॉफ्टवेअर वीज वाढवतं, दुसरं ताप मोजतं आणि तिसरं त्याच्याकडून कुणालाही नको असलेली गणितं दिवसभर करून घेतं, कोसळतो का ते बघायला. मला त्यांच्या कंपनीची आठवण झाली. ताप उतरावा म्हणून प्रोसेसरचं झाकणसुद्धा ब्लेडने सोडवून काढलं. माझा ताप कुणी मोजत नाही. जेवायला हाक मारली की "स्वल्प थांब", आणि भात गारढोण.

परवा आयुधपूजा झाली. दरवर्षी स्कूटर, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्यांना मी हळदकुंकू लावते (तुम्हीच लावलेली शिस्त). बंधुराज कॉम्प्युटर उघडा टाकून आंघोळीला गेले होते. आता यातलं खरं आयुध म्हणजे मधला तो झाकण काढलेला चकचकीत तुकडा, असं मला वाटलं. चांगलं ओलं कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. त्यांनी येऊन पुसलं, पण कडेने आत पाझरलेलं दिसलं नाही. बटण दाबलं, जळका वास आला आणि कारभार आटोपला. मी ओरडा खायला तयार उभी होते. ते म्हणाले, "जाऊ दे. त्याला तरी कुठे काही काम होतं."

तेव्हापासून कॉम्प्युटरच्या बंद पडद्यासमोर बसून असतात. हाक मारली की लगेच जेवायला येतात. वन्सं, मला ते बघवत नाही.

तुमची,
नयना

ता. क. तुमच्या बालवाडीतला जुना कॉम्प्युटर बिघडलाय, असा त्यांना फोन करा. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, निपाणीला ये म्हणा. बिघडला नसेल तर मागची एखादी वायर उपटा. दुरुस्त झाला की दुसरी उपटा.

आणखी एक. दिवाळीला मात्र त्यांना परत पाठवा. नोकरी नसली तरी चालेल, हे मला त्यांच्या तोंडावर अजून सांगता आलेलं नाही. तेवढं तुम्ही सांगा.